मुलांच्या जबड्यातल्या दाताच्या गाठी : वाचकांचे प्रश्न

मुलाची हिरडी किंवा गाल सुजला तर बहुतेक वेळा मूळ कारण किडलेली दुधाची दाढ असते. पण या वेळी आलेल्या पत्रांतली मुलं त्या बहुतेकांतली नाहीत. दात घडवणाऱ्या पेशींपासूनच जबड्यात तयार होणाऱ्या या गाठी विरळ आहेत आणि जवळजवळ सगळ्या कॅन्सर नसलेल्या आहेत. तरी त्यांचे स्वभाव एकमेकींपासून फार वेगळे. नाव चुकलं की निरुपद्रवी गाठीसाठी जबड्याचा तुकडा जातो, किंवा चिवट गाठ नुसती खरवडून सोडली जाते आणि चार वर्षांनी परत उभी राहते. म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : मुलगा साडेआठ वर्षांचा आहे. वरचा उजवा पटाशीचा दात येऊन वर्ष झालं, डावा आलेला नाही आणि तिथला दुधाचा दात अजून घट्ट आहे. एक्स-रेमध्ये छोट्या छोट्या दातांचा पुंजका दिसतोय, ‘ओडोन्टोमा’ आहे म्हणाले. ट्यूमर हा शब्द ऐकून घरात कुणाला झोप नाही. दात आपोआप येईल म्हणून थांबलं तर चालेल का?

उत्तर : ओडोन्टोमाची गणना ट्यूमरमध्ये होते, पण खरं तर ही दात घडताना झालेली गडबड आहे. पेशींनी इनॅमल, डेंटिन, सिमेंटम, आतला गर असं सगळं साहित्य बनवलं, फक्त ते एका दाताच्या आकारात बसलं नाही. ठरावीक आकारानंतर ही वाढ आपोआप थांबते. ती कॅन्सरमध्ये बदलत नाही आणि पूर्ण निघाली की सहसा परत येत नाही. झोप लागू द्या.

तुमच्या मुलाला आहे तो संयुक्त प्रकार. तांदळाच्या दाण्याएवढे, कधी त्याहून थोडे मोठे असे चिमुकले दात एका पातळ पिशवीत दाटीने बसलेले असतात. संख्या तीन-चारपासून काही डझनांपर्यंत असू शकते. वरच्या जबड्याचा पुढचा भाग ही त्याची नेहमीची जागा. दुसरा जटिल प्रकार बहुधा खालच्या जबड्यात दाढांच्या भागात होतो. त्यात दाताचे आकार दिसत नाहीत, एकच पांढरा, ओबडधोबड गोळा दिसतो. दोन्हींत पांढऱ्या भागाभोवती काळी बारीक कडा असते. ती कडा म्हणजे पिशवी.

आता थांबण्याविषयी. हा पुंजका कायमच्या दाताच्या वाटेत बसलेला आहे, तो विरघळणार नाही. वाट पाहताना शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात आणि अडकलेल्या दाताचं मूळ पूर्ण होत जातं. मूळ अर्धं ते दोन-तृतीयांश झालेलं असताना दाताला स्वतःचा वर येण्याचा जोर असतो. मूळ पूर्ण झालं की तो जोर ओसरतो आणि दात तारेने ओढून आणावा लागतो. म्हणून साडेआठ हे वय शस्त्रक्रियेला चांगलं आहे. साडेपाच-सहाव्या वर्षी असा पुंजका सापडला आणि शेजारच्या दातांचे कोंब त्याला अगदी चिकटून असले, तर काही महिने लक्ष ठेवून थांबणं शहाणपणाचं ठरतं, कारण तेव्हा हत्यार त्या कोंबांना लागण्याची भीती जास्त असते.

शस्त्रक्रियेत हिरडी बाजूला करून हाडात लहान खिडकी पाडतात, दाणे एकेक करून काढतात आणि पिशवी खरवडून घेतात. इथे एक गोष्ट डॉक्टरांना आधीच विचारा: टाके घालण्यापूर्वी टेबलावरच एक लहान एक्स-रे काढणार का? मागे राहिलेला एकच दाणासुद्धा दात अडवतो आणि मूल पुन्हा भुलेखाली जातं. काढलेले दाणे मोजून एक्स-रेशी पडताळायचे असतात, पण एक्स-रेत दाणे एकमेकांमागे लपतात, त्यामुळे नुसत्या मोजणीवर विसंबता येत नाही.

तारा बसवणाऱ्या दंततज्ज्ञांना शस्त्रक्रियेनंतर भेटायचं असा बऱ्याच घरांत समज असतो. त्यांना आधीच दाखवा. अडकलेला दात फार वर किंवा आडवा असेल तर त्याच वेळी त्यावर बटण चिकटवून बारीक साखळी बाहेर काढून ठेवता येते. नाही तर सहा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा चिरा. दात सरळ असेल, मूळ अपुरं असेल आणि जागा पुरेशी असेल, तर काहीही न ओढता ६ ते १२ महिने वाट पाहणं ठीक. जागा राखायला पट्टीचं साधन लागू शकतं.

काढलेला माल कितीही ‘नुसते दातच’ वाटला तरी तपासणीला गेला पाहिजे. कठीण दाणे कापण्याआधी आम्लात मऊ करावे लागतात, त्यामुळे रिपोर्टला बरेच दिवस लागतात. त्या प्रक्रियेत इनॅमल जवळजवळ पूर्ण विरघळतं. म्हणून मऊ पिशवी वेगळ्या बाटलीत द्यायला सांगा. ओडोन्टोमाच्या कडेला दुसरी गाठ दडलेली असेल तर ती त्या मऊ भागातच सापडते.

ज्यांच्या मुलांचा एक्स-रे झालेला नाही त्यांच्यासाठी खुणा: एका बाजूचा दात येऊन सहा महिने उलटले तरी दुसऱ्या बाजूचा नाही, मधला दात यायच्या आधीच बाजूचा आला, दुधाचा दात वेळ टळूनही हलत नाही. यातली एकही दिसली तर एक लहान एक्स-रे काढावा.

प्रश्न : नात सात महिन्यांची आहे. खालच्या हिरडीवर निळसर फुगा आला आहे. गाठ तर नाही ना?

उत्तर : निळसर, मऊ, पाणी भरल्यासारखा, दात येण्याच्या नेमक्या जागी आणि बाळ नेहमीसारखं खातंय, खेळतंय. असं असेल तर तो वर येणाऱ्या दाताचा फुगा असतो. दात बाहेर पडला की तोच फुटतो. सुई टोचू नका, घासू नका. नवजात बाळाच्या हिरडीवरचे १ ते ३ मिलिमीटरचे पांढरे मोतीही असेच, काही आठवड्यांत जातात.

घाई करायची ती वेगळ्या चित्रात: बहुधा वरच्या हिरडीत पुढे, घट्ट, निळा-काळा फुगवटा जो आठवड्याआठवड्याला वाढतो आणि दुधाचा दात वेळेआधी वाकडा ढकलून बाहेर काढतो. पहिल्या वर्षात होणारी मेलॅनोटिक न्यूरोएक्टोडर्मल गाठ अशी दिसते. तिचं मूळ दाताच्या पेशींत नाही. ती बहुतेक वेळा कॅन्सर नसते, पण फार वेगाने वाढते, म्हणून इथे महिने न घालवता दिवसांत तज्ज्ञ गाठावा. तसंच एक-दीड वर्षाच्या बाळाच्या नाकाच्या कडेला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली कठीण, न दुखणारी सूज वाढत असेल तर ती मिक्झोमा म्हणजे मऊ, बुळबुळीत गाठ असू शकते. शंका असेल तर दर तीन दिवसांनी एकाच कोनातून, शेजारी तोच चमचा धरून फोटो काढा आणि तारीख लिहा. डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी माहिती असते ती वाढीच्या वेगाची, आणि ‘वाढतंय वाटतं’ यातून ती मिळत नाही.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची. उजवीकडे खालचा जबडा मागे फुगलाय, दुखत नाही. ओपीजीमध्ये (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये) दाढेभोवती मोठी काळी पोकळी आहे. एक सर्जन म्हणतात, ‘सिस्ट आहे, काढून टाकू.’ दुसरे आधी बायोप्सी करा म्हणतात. दोनदा भूल नको म्हणून आम्हाला पहिला सल्ला बरा वाटतो.

उत्तर : दुसरा सल्ला घ्या. ओपीजीवरच्या काळ्या पोकळीला किमान चार-पाच नावं असू शकतात आणि प्रत्येकाची शस्त्रक्रिया वेगळी आहे.

सगळ्यात जास्त शक्यता दाताभोवतीच्या साध्या सिस्टची, म्हणजे पाणी भरलेल्या पिशवीची. पोकळीवरची दुधाची दाढ किडून मेली असेल आणि पोकळी तिच्याखालच्या दाताभोवती असेल, तर ती दाढ काढून पोकळीला तोंडात वाट करून दिली की बऱ्याचदा खालचा दात स्वतः वर येतो. इथे सगळं खरवडून काढलं तर कायमचा दात विनाकारण जातो. त्यानंतर केराटोसिस्ट (आत घट्ट लगदा असलेली सिस्ट), अमेलोब्लास्टिक फायब्रोमा (भरीव, पण सहसा कॅन्सर नसलेली गाठ) आणि एककोशी अमेलोब्लास्टोमा (अमेलोब्लास्टोमा या चिवट गाठीचा एकच पोकळी असलेला प्रकार). हे तिन्ही याच जागी, न उगवलेल्या दाढेभोवती, दुखल्याशिवाय वाढतात. आणखी एक आहे अडिनोमॅटॉइड गाठ, पण ती बहुधा वरच्या सुळ्याभोवती आणि दहा वर्षांनंतर दिसते. तिची ओळखखूण अशी की साध्या सिस्टची काळी कडा दाताच्या मानेशी चिकटते, हिची मानेखाली मुळापर्यंत उतरते आणि आत पांढरे कण दिसतात.

आधी जाड सुईने, साधारण १८ गेजच्या, आतलं ओढून पाहतात. पिवळसर पातळ पाणी आलं तर सिस्टकडे कल, पांढरट घट्ट लगदा आला तर केराटोसिस्ट, काहीच आलं नाही तर भरीव गाठ. सिरिंज आपसूक लाल रक्ताने भरली तर तिथेच थांबायचं, कारण ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते आणि तिथे चिरा देणं जिवावर बेतू शकतं. केवळ या एका कारणासाठीही ‘सरळ काढून टाकू’ हा मार्ग धोक्याचा आहे. त्यानंतर भिंतीचा तुकडा घेतात. तुकडा पुरेसा मोठा आणि शक्यतो दोन जागांचा हवा.

दोनदा भूल टाळण्याची तुमची काळजी समजते. पण पर्याय तुलनेला ठेवून पाहा: अमेलोब्लास्टिक फायब्रोमा मुलांत नीट खरवडून काढला की पुरतो. नेहमीचा भरीव अमेलोब्लास्टोमा मात्र हाडाच्या जाळीत बोटं घालत शिरतो. तो नुसता खरवडला तर परत येण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून तिथे साधारण १ ते दीड सेंटिमीटर निरोगी हाडासह काढायचा विचार करावा लागतो. वाढत्या जबड्यावर या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. छोटी बायोप्सी कधी कधी सुईने ओढून पाहण्याबरोबरच एका भुलेत उरकते.

अमेलोब्लास्टोमातला बीआरएएफ जनुकातला बदल २०१४ मध्ये समोर आला. आता त्यावरची औषधं निवडक रुग्णांत वापरली जातात. पण तोच बदल अमेलोब्लास्टिक फायब्रोमातही सापडतो, त्यामुळे केवळ या चाचणीवरून नाव ठरवू देऊ नका.

ओठ बधिर होणं, निरोगी दात अचानक हलू लागणं, आठवड्यांत दुप्पट होणारी सूज, ताप किंवा वजन घटणं यांपैकी काही असेल, तर गोष्ट साध्या गाठीपलीकडची असू शकते. तेव्हा त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात दाखवा.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाची खालची सडलेली दाढ काढताना मुळांबरोबर मऊ, चकचकीत तुकडा आला. एका लॅबने ‘मिक्झोमा’ म्हटलं आणि जबड्याची मोठी शस्त्रक्रिया सुचवली गेली. दुसऱ्या लॅबने ‘दाताचा कोंब, निरोगी’ असं लिहिलं. विश्वास कुणावर ठेवायचा?

उत्तर : एक्स-रेवर. हे पत्र आम्ही मुद्दाम छापतोय, कारण ही चूक जगभर होते आणि तिची किंमत मूल मोजतं.

पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात २० दुधाचे दात दिसतात आणि त्यांच्याखाली कायमच्या बहुतेक दातांची घडण चालू असते. दुधाच्या दाढेच्या मुळांच्या पकडीत तर उपदाढेचा कोंब बसलेलाच असतो. त्या कोंबाचा गाभा चिकट, अर्धपारदर्शक असतो. दाढ ओढताना तो मुळांबरोबर बाहेर येऊ शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली या गाभ्यात विरळ, चांदणीच्या आकाराच्या पेशी बुळबुळीत पदार्थात विखुरलेल्या दिसतात, आणि मिक्झोमाही हुबेहूब असाच दिसतो. नुसती काच (स्लाइड) पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला फसायला हे पुरेसं आहे. फरक सांगणारी खूण कडेला असते: कोंबाच्या काठावर उंच पेशींची एक सरळ ओळ लागलेली असते, पुढे डेंटिन तयार करणारी. तुकडा त्या काठापासून तुटून आला असेल तर ती खूणही हरवते.

मिक्झोमा मात्र एक्स-रेवर लपत नाही. तो हाड खाऊन जागा करतो, आत साबणाच्या फेसासारखे कप्पे किंवा टेनिसच्या रॅकेटसारख्या आडव्या-उभ्या सरळ रेषा दिसतात. दात काढण्यापूर्वीच्या एक्स-रेमध्ये तिथे नेहमीच्या आकाराचा कोंब असेल आणि हाडात वेगळी पोकळी नसेल, तर मिक्झोमा नाही. घडणाऱ्या दाताच्या डोक्याभोवती अडीच-तीन मिलिमीटरपर्यंत काळी कडा असणं स्वाभाविक असतं, तिलाही गाठ समजू नका.

आता काय करायचं: पहिल्या लॅबमधून रिपोर्टची प्रत नको, मूळ काचा आणि मेणातला ठोकळा मागून घ्या. दाढ काढण्यापूर्वीचा एक्स-रे, मुलाचं वय आणि दाढ नेमकी कोणती हे एका कागदावर लिहून तोंडाच्या आजारांच्या पॅथॉलॉजिस्टकडे द्या. एक नवा एक्स-रेही काढा. कोंब निघून आला असेल तर त्या जागी पुढे उपदाढ येणार नाही. ते नुकसान खरं आहे आणि त्या जागेची योजना आत्तापासून करावी लागेल. पण जबडा कापण्याचं कारण उरणार नाही.

नावांच्या गोंधळात आणखी एक भर: जुन्या रिपोर्टात ‘अमेलोब्लास्टिक फायब्रो-ओडोन्टोमा’ असं लांबलचक नाव आढळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणात हे स्वतंत्र नाव काढलं गेलं, कारण यांतल्या बऱ्याच गाठी म्हणजे अर्धवट घडलेले ओडोन्टोमा असतात असं मानलं गेलं. त्यामुळे एकाच मुलाच्या दोन रिपोर्टांत दोन नावं दिसली तर दरवेळी कुणीतरी चुकलेलंच असतं असं नाही.

प्रश्न : नऊ वर्षांच्या भाच्याला एककोशी अमेलोब्लास्टोमा आहे. पोकळीत नळी बसवली आहे आणि घरी धुवायला सांगितलं आहे. गाठ काढायची सोडून नळी कशाला?

उत्तर : या प्रकारात एकच मोठी पोकळी असते. गाठीच्या पेशी फक्त अस्तरात असतील किंवा आत पोकळीत वाढल्या असतील तर ती सोलून काढणं पुरतं. भिंतीत शिरल्या असतील तर ती भरीव गाठीसारखी वागते. बायोप्सीचा तुकडा एकाच जागेचा असल्याने यातला नेमका प्रकार पूर्ण अस्तर तपासल्यावरच कळतो. दरम्यान नळीमुळे आतला दाब जातो, कडांकडून हाड भरत येतं, दातांची नस पोकळीपासून दूर राहते आणि उरलेली लहान पोकळी नंतर कमी नुकसानात काढता येते.

दिवसातून दोनदा, जेवणानंतर धुवा. २० मिलिलिटरची सिरिंज, बोथट वाकडी सुई, आणि सलाइन किंवा अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ. मूल बसलेलं आणि मान पुढे झुकलेली हवी. हळूहळू सोडा, परत येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. पाणी आत जाऊन परत येत नसेल तर जोर लावू नका, नळी तुंबली आहे. नळी निसटली तर स्वतः आत ढकलू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. भोक एक-दोन दिवसांत आकसतं. सुरुवातीला थोडा वास येतो. पू, ताप किंवा नव्याने ठणका लागला तर दाखवा.

साधारण तीन महिन्यांनी एक्स-रे होतो. पोकळी लहान होत असेल तर नळी तोकडी करत जातात, असं ६ ते १२ महिने किंवा जास्तही चालतं. काहीच फरक नसेल तर आत भरीव भाग असण्याची शंका घ्यावी लागते आणि बेत बदलावा लागतो. नळी असताना पोकळी आकसली म्हणजे गाठ बरी झाली, असं समजून पुढची शस्त्रक्रिया टाळणारे पालक असतात. कृपया तसं करू नका. अस्तर आतच असतं.

प्रश्न : वारंवार ओपीजी काढल्याने मुलाला किरणांचा त्रास होईल का?

उत्तर : एका ओपीजीचा डोस साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट. निसर्गातून प्रत्येकाला वर्षभरात सरासरी २,४०० च्या आसपास मिळतो, म्हणजे एक ओपीजी काही दिवसांच्या निसर्गडोसाएवढा. सीबीसीटीचा, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनचा, डोस त्याच्या कित्येक पट असू शकतो. तो काढायचा तर फक्त गाठीच्या भागापुरता काढायला सांगा आणि जुन्या फिल्म सोबत न्या, म्हणजे तीच तपासणी पुन्हा होत नाही.

प्रश्न : दोन्ही भावंडांना अशी गाठ होईल का?

उत्तर : एकटी गाठ सहसा आनुवंशिक नसते. पण एकाच मुलाला एकाहून अधिक केराटोसिस्ट असतील तर गोरलिन सिंड्रोम या आनुवंशिक आजाराची, आणि अनेक ओडोन्टोमा, जादा दात, जबड्यावर हाडाचे उंचवटे असतील तर गार्डनर सिंड्रोम या दुसऱ्या आनुवंशिक आजाराची चाचणी करावी. दुसऱ्यात आतड्यात पॉलिप होतात आणि ते पुढे कॅन्सरकडे जातात, म्हणून ते वेळेत कळणं फार मोलाचं.

प्रश्न : मुलीचा अमेलोब्लास्टिक फायब्रोमा काढला. शाळा, खेळ, तपासण्या कशा ठेवू?

उत्तर : सूज ४८ ते ७२ तासांपर्यंत वाढते, मग उतरते, तिसऱ्या दिवसानंतर वाढू लागली तर दाखवा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ६ तास. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नका. पोकळी मोठी होती तर उरलेलं हाड काही आठवडे पातळ असतं, म्हणून ४ ते ६ आठवडे मऊ जेवण आणि धक्का लागेल असे खेळ बंद. टाके विरघळले म्हणून हाड भरलं असं होत नाही.

तपासणी सहसा ६ महिन्यांनी, १ वर्षाने, मग दरवर्षी एक्स-रेसह. ही गाठ काही मुलांत परत येते आणि क्वचित ती कॅन्सरकडे वळू शकते, म्हणून ५ वर्षांनंतरही, वाढ पूर्ण होईपर्यंत, फेऱ्या सोडू नका. शस्त्रक्रियेचा रिपोर्ट, काचांचा क्रमांक आणि पहिला ओपीजी एका फाइलमध्ये ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांना तिथे नवी सावली दिसली, तर जुनी कशी होती हे सांगणारा तोच एक पुरावा असेल.